इर्पिनियाच्या वाइन: नव्यानं चाखणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी

इटालियन वाइन म्हटलं की आपल्याकडच्या मेनूकार्डावर कियान्ती सापडते, प्रोसेक्को सापडते, महागड्या ठिकाणी बारोलो. इर्पिनिया हे नाव सहसा नसतंच. इटलीत गेलेला पर्यटकसुद्धा नेपल्सला उतरतो, पोम्पेई, काप्री, अमाल्फी करतो आणि परत फिरतो. नेपल्सपासून पूर्वेला गाडीनं तासाभरावर अवेल्लिनोचे डोंगर आहेत, तिकडे फारसं कुणी वळत नाही. अवेल्लिनो जिल्ह्याचा हा डोंगराळ टापू म्हणजे इर्पिनिया. डीओसीजी हा इटलीच्या वाइन-कायद्यातला सर्वांत वरचा दर्जा. काम्पानिया राज्यातल्या चार वाइनना तो मिळालेला आहे आणि त्यांतल्या तीन एकट्या या जिल्ह्यात होतात: फियानो दी अवेल्लिनो, ग्रेको दी तुफो आणि ताउरासी.

नाशिक परिसरातल्या एखाद्या वायनरीत ज्यांनी दोन-चार प्रकार चाखलेत, लाल-पांढऱ्यातला फरक ज्यांना कळतो आणि आता ज्यांना एखादा प्रदेश नीट समजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इथं क्रमाला महत्त्व आहे. आधी पांढऱ्या वाइन, मग साधी लाल, आणि ताउरासी सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. सगळ्यांत नावाजलेली म्हणून पहिल्याच दिवशी कोवळी ताउरासी उघडतात, तोंड आखडतं, आणि इर्पिनियाशी त्यांचं नातं तिथंच संपतं.

पायरी १: 'दक्षिण इटली' हे शब्द बाजूला ठेवा

दक्षिण इटली म्हटली की डोळ्यांसमोर ऊन, समुद्र आणि गोडसर, भरगच्च वाइन येते. इर्पिनियाला समुद्र नाही. हा आपेनाइन पर्वताचा भाग. द्राक्षबागा साधारण ३०० ते ७०० मीटर उंचीवर, मध्ये हेझलनट आणि चेस्टनटची झाडं, हिवाळ्यात बर्फ. उन्हाळ्यातही रात्री गार होतात. त्यामुळे द्राक्षं सावकाश पिकतात आणि पिकूनही त्यांच्यातली आंबट धार टिकते. या प्रदेशाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही आंबट धार. वाइन वर्षानुवर्षं का टिकते, कोणत्या जेवणाबरोबर का जमते, कोवळी असताना कडक का लागते, हे सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

नाशिकच्या वाचकाला हे पंचांगावरून लगेच समजेल. ऑक्टोबरात दिंडोरीकडे छाटणीची धांदल चालू असते. त्याच सुमारास अवेल्लिनोत पांढऱ्या द्राक्षांची तोडणी उरकत आलेली असते आणि अल्यानिको हे लाल द्राक्ष अजून वेलीवरच असतं. उंचावरच्या गावांत ते नोव्हेंबरमध्ये उतरवतात. बाकी इटलीतल्या बऱ्याच भागांत तोवर रस आंबूनही झालेला असतो.

जमीन एकसारखी नाही. खाली चिकणमाती आणि चुनखडी, वर ठिकठिकाणी ज्वालामुखीच्या राखेचे थर. व्हेसुव्हियस फार लांब नाही. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या एका प्रचंड उद्रेकाला भूशास्त्रज्ञ 'अवेल्लिनो उद्रेक' असंच म्हणतात, कारण त्याची राख आणि प्युमिसचे दगड या बाजूला येऊन पडले.

दोन नद्या लक्षात ठेवल्या की नकाशा सोपा होतो. अवेल्लिनो शहराजवळून उत्तरेला जाणारी साबातो. तिच्या आजूबाजूला ग्रेको आणि फियानोची गावं. तिच्या पूर्वेला कालोरे. तिच्या दोन्ही काठांवर ताउरासीची गावं. लापिओ हे गाव असं आहे की तिथं फियानोही होतं आणि ताउरासीही.

पायरी २: नावाचा गुंता सोडवून घ्या

तीनही नावं सारखी दिसतात, पण ती सारख्या पद्धतीनं बनलेली नाहीत. फियानो दी अवेल्लिनोमध्ये फियानो हे द्राक्ष आणि अवेल्लिनो हे ठिकाण. ग्रेको दी तुफोमध्ये ग्रेको हे द्राक्ष, तुफो हे गाव. ताउरासी मात्र नुसतं गावाचं नाव. तिच्यातलं द्राक्ष अल्यानिको, आणि पुढच्या लेबलावर ते बहुतेकदा लिहिलेलंही नसतं. नवशिक्या माणसाला दुकानात हीच अडचण येते. लेबलावर अल्यानिकोच्या स्पेलिंगमध्ये 'ग' दिसतो, तो उच्चारायचा नाही.

ताउरासीला डीओसीजी १९९३ साली मिळाली, दोन्ही पांढऱ्यांना २००३ साली. नियमानुसार तिन्ही वाइनमध्ये मुख्य द्राक्ष किमान ८५ टक्के हवं. बरेच उत्पादक शंभर टक्केच घेतात. ग्रेकोमध्ये उरलेला वाटा कोदा दी वोल्पे या स्थानिक पांढऱ्या द्राक्षाचा असू शकतो. कोदा दी वोल्पेची स्वतंत्र बाटलीही मिळते. मऊ, कमी आंबट, दुपारच्या जेवणापुरती. मिळाली तर घ्या, शोधत फिरू नका.

पायरी ३: फियानोपासून सुरुवात, आणि दोन वेगळ्या वर्षांच्या बाटल्या

फियानोचे मणी लहान, साल जाड आणि उत्पन्न कमी. शेतकऱ्याच्या हिशेबात न बसणारं हे द्राक्ष. दुसऱ्या महायुद्धानंतर गावं रिकामी होत गेली, लोक अमेरिकेला आणि उत्तर इटलीतल्या कारखान्यांकडे गेले, आणि उरलेल्यांनी जास्त पीक देणारे वाण लावले. त्या काळात अत्रिपाल्दा गावच्या मास्त्रोबेरार्दिनो घराण्यानं, विशेषतः आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांनी, फियानो आणि ग्रेकोच्या शिल्लक वेली गोळा करून बागा पुन्हा उभ्या केल्या. कंपनी १८७८ सालची. पुढे कित्येक वर्षं जगाला इर्पिनियाची वाइन म्हणजे मास्त्रोबेरार्दिनोची बाटली एवढंच माहीत होतं. भोवतालचे शेतकरी द्राक्षं पिकवून विकत. स्वतःच्या नावानं बाटली भरण्याची लाट आली ती १९८०च्या भूकंपानंतर, मुख्यतः १९९०च्या दशकात.

त्या भूकंपाचा उल्लेख टाळता येत नाही. २३ नोव्हेंबर १९८०च्या संध्याकाळी दीड मिनिट जमीन हलली, सुमारे तीन हजार माणसं गेली, गावंच्या गावं पडली. आज तुम्ही ज्या वायनऱ्यांची नावं वाचाल त्यांतल्या बऱ्याच त्यानंतर जन्मल्या आहेत. सोर्बो सेर्पिको गावची फेउदी दी सान ग्रेगोरियो १९८६ची. आज ती इथल्या सर्वांत मोठ्या वायनऱ्यांत मोडते आणि परदेशात तिच्या बाटल्या सहज मिळतात.

आता चाखायचं कसं. शक्य असेल तर एकाच उत्पादकाच्या दोन फियानो घ्या: एक बाजारात नुकतीच आलेली, दुसरी चार-पाच वर्षं जुनी. शेजारी शेजारी दोन ग्लासांत ओता. नव्या वाइनला नाशपती, लिंबाची साल, थोडी फुलं, कधी कधी हिरव्या बडीशेपेचा वास. जुनीत भाजलेलं हेझलनट, मध, मेण आणि किंचित धूर. धुराचा वास आला की लोकांना वाटतं, ही लाकडी पिपात ठेवली असणार. बहुतेक वेळा ती स्टीलच्या टाकीतच राहिलेली असते; तो वास द्राक्षाचा आणि वर्षांचा.

पांढरी वाइन लगेच संपवायची असते, ही आपल्याकडची पक्की समजूत. बऱ्याच पांढऱ्या वाइनबद्दल ती खरीही आहे. फियानो दी अवेल्लिनो हा तिला ठसठशीत अपवाद. चांगल्या उत्पादकाची बाटली दहा वर्षं आरामात जाते. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षात ती पिणं म्हणजे पैसे अर्धे वाया घालवणं. सुम्मोन्ते गावच्या गुइदो मार्सेल्ला यांनी आपली फियानो इतरांपेक्षा उशिरा बाजारात आणायचा पायंडा पाडला, आणि आता अनेक जण त्याच वाटेनं जातात.

गावागावाची चव वेगळी असते. सुरुवातीला तीन गावं पुरेत. लापिओ: चिकणमाती, अंगानं भरलेली, मधाकडे झुकणारी. मोन्तेफ्रेदाने: ताठ, खारटसर, सुरुवातीला बंद. सुम्मोन्ते: उंच, गार, धुराचा वास सर्वांत आधी इथं सापडतो. ही ढोबळ विभागणी आहे, उत्पादकाचा हातही तितकाच मोठा असतो. पण तीन गावांच्या तीन बाटल्या मित्रांत वाटून उघडल्या तर एका संध्याकाळी हे शिकता येतं. लापिओसाठी कोल्ली दी लापिओ किंवा रोक्का देल प्रिंचिपे, मोन्तेफ्रेदानेसाठी पिएत्राकूपा, सुम्मोन्तेसाठी मार्सेल्ला किंवा चिरो पिकारिएल्लो ही नावं लिहून ठेवा.

पायरी ४: ग्रेको दी तुफो

ग्रेकोचा प्रदेश फार छोटा, फक्त आठ गावांचा: तुफो, मोन्तेफुस्को, सांता पाओलिना, कियांके, तोर्रिओनी, पेत्रुरो, प्राता आणि आल्ताविल्ला. ग्लासात ओतलात की रंगावरूनच ओळख पटते. फियानोपेक्षा पिवळा, कधी सोनेरी. वास कमी, वजन जास्त. तोंडात ती लाल वाइनसारखी जाड वाटते, शेवटी हलका कडवटपणा आणि तीक्ष्ण आंबटपणा. फियानो नाकाला आधी भेटते, ग्रेको जिभेला.

तुफोत गंधकाच्या खाणी होत्या. १८६६ साली इथं गंधक सापडलं आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते काढलं जात होतं. दी मार्झो हे खाणीचे मालक आणि गावचे जुने वाइन-उत्पादक घराणंही तेच. यावरून ग्रेकोत गंधकाची चव उतरते असं सगळीकडे ऐकू येतं. ऐकायला छान आहे, पण वेल मातीतलं खनिज चव म्हणून थेट मण्यात आणते याला शास्त्राचा भक्कम आधार नाही. जमिनीचा निचरा, उतार, गारवा यांचा परिणाम नक्की होतो. ग्लासात आगकाडीसारखा वास आला तर तो बहुधा वायनरीत हवा न लागू देता वाइन ठेवल्यामुळे असतो. ग्लास थोडा फिरवा, उडून जाईल.

खरेदीत एक सावधगिरी. ग्रेकोचा रस हवेनं पटकन काळवंडतो, त्यामुळे हलगर्जीपणे केलेली ग्रेको लवकर थकते. फियानोची स्वस्त बाटली निदान पिण्याजोगी निघते, ग्रेकोची स्वस्त बाटली बऱ्याचदा निराश करते. बेनितो फेर्रारा यांची 'विन्या चिकोन्या' ही एकाच बागेतली ग्रेको, किंवा कांतिने देल्ल'आंजेलोची, यांतली एखादी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या.

पायरी ५: अल्यानिको, पण अजून ताउरासी नाही

अल्यानिकोमध्ये टॅनिन भरपूर आणि आंबटपणाही भरपूर. टॅनिन म्हणजे कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड कसं कोरडं होऊन आवळतं, ती जाणीव. बऱ्याच लाल द्राक्षांत दोहोंतली एकच गोष्ट ठळक असते. अल्यानिकोत दोन्ही एकदम अंगावर येतात, आणि म्हणून ते पायऱ्यांनी शिकायचं.

पहिली पायरी 'इर्पिनिया अल्यानिको'. डीओसी हा डीओसीजीच्या खालचा दर्जा. इर्पिनिया डीओसी २००५ साली आली आणि ती सगळ्या जिल्ह्याला लागू आहे. यातल्या वाइन लवकर बाजारात येतात, लाकडात कमी राहतात किंवा राहतच नाहीत. आंबट चेरी, काळी मिरी, जांभळासारखी गडद छटा. याच डीओसीत 'काम्पी ताउरासिनी' असा उपविभाग आहे. तो ताउरासीच्या गावांचा आणि आसपासचा भाग, पण नियम सैल आणि किंमत कमी. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. ताउरासीचा स्वभाव कळतो आणि खिशाला भोक पडत नाही.

अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे असलेली लाल वाइन ज्यांनी प्यायली आहे त्यांना इटालियन लाल द्राक्षांची आंबट बाजू थोडीफार ओळखीची असेल. त्या वायनरीचे काही भागीदार आणि मुख्य वाइनकार इटालियन आहेत. अल्यानिको तिथून बरंच पुढे, पण दिशा तीच.

अल्यानिको फक्त इर्पिनियात होत नाही. शेजारच्या बेनेवेन्तो जिल्ह्यात ताबुर्नो, आणि बाझिलिकाता राज्यात वुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारांवर ते मोठ्या प्रमाणात लावतात. दुकानदारानं 'तीच वाइन' म्हणून वुल्तुरेची बाटली पुढे केली तर ती वाईट नाही, पण ती वेगळी आहे हे ध्यानात असू द्या.

पायरी ६: ताउरासी, आणि तीही मुरलेली

ताउरासीचा प्रदेश सतरा गावांचा. कायद्यानं ती किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यांतलं एक वर्ष लाकडी पिपात. 'रिझेर्वा' लिहिलं असेल तर चार वर्षं, त्यांत दीड वर्ष लाकडात. हे झाले किमान आकडे. प्रत्यक्षात चांगली ताउरासी पिण्यालायक व्हायला आठ-दहा वर्षं लागतात आणि काहींना पंधरा. मास्त्रोबेरार्दिनोच्या १९६८च्या ताउरासीचं नाव जुन्या इटालियन वाइनच्या जाणकारांत अजून घेतलं जातं.

कोवळ्या ताउरासीत काळं फळ, टॅनिन आणि लाकूड असं सगळं सुटं सुटं लागतं. मुरल्यावर त्याचं चामडं, तंबाखू, वाळलेली गुलाबपाकळी, वाळवलेलं आंबट फळ, ओली माती असं काहीतरी होतं, आणि टॅनिन जागच्या जागी राहूनही टोचत नाही. आंबटपणा मात्र जात नाही. ज्यांना गुळगुळीत, गोडसर लाल वाइन आवडते त्यांना ताउरासी कधीच आवडणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

इथंही गावं महत्त्वाची. ताउरासी गाव आणि मिराबेल्ला एक्लानोच्या बाजूला उंची कमी, वाइन जरा लवकर उमलते. दक्षिणेला कालोरेच्या उगमाकडे चढत गेलात की पातेर्नोपोली, कास्तेलफ्रांची आणि मोन्तेमारानो. मोन्तेमारानो सर्वांत गार, तोडणी सर्वांत उशिरा, टॅनिन सर्वांत कडक. तिथल्या साल्वातोरे मोलेत्तिएरींची 'चिंक्वे क्वेर्चे' उघडायची असेल तर तिच्यावर किमान दहा वर्षं चढलेली असू द्या. ताउरासी गावच्या आंतोनियो काज्जानो किंवा कोंत्रादे दी ताउरासीच्या बाटल्या त्यामानानं लवकर बोलत्या होतात. मिराबेल्लाला क्विंतोदेचिमो आहे. तिचे मालक लुइजी मोयो हे नेपल्स विद्यापीठातले वाइनशास्त्राचे प्राध्यापक. वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही होते. त्यांची वाइन घोटीव, महाग आणि पहिल्या ताउरासीसाठी गरजेची नाही.

साल निवडताना फार खोलात जाऊ नका. २०१४ गार आणि पावसाळी होतं. २०१७ला वसंतात हिमकडाक्यानं कोंब मारले आणि मग उन्हाळा रखरखीत गेला. २०१५ आणि २०१६ त्यामानानं निर्धोक. तीन-चार वर्षं जुन्या कोणत्याही ताउरासीपेक्षा साधारण सालातली दहा वर्षं जुनी ताउरासी नवशिक्यासाठी बरी.

पायरी ७: बाटली वाचा, मग पैसे द्या

बाटलीच्या मानेवर, बुचाच्या आवरणापाशी, क्रमांक असलेली कागदी सरकारी पट्टी बघा. ती डीओसीजीची खूण. मग ठिकाणाचं नाव. 'काम्पानिया फियानो' लिहिलं असेल तर द्राक्ष काम्पानियात कुठूनही आलेलं असू शकतं, अगदी दक्षिणेच्या उबदार चिलेन्तो किनाऱ्यावरूनही. त्या वाइन मऊ, फळांच्या वासाच्या, झटपट पिण्याच्या. चांगल्या असतात, पण हा लेख ज्यांच्याबद्दल आहे त्या नव्हेत. 'बेनेवेन्तानो' किंवा 'सान्यो' दिसलं तर ती शेजारच्या जिल्ह्याची वाइन. फियानो आता पुलिया आणि ऑस्ट्रेलियातही होतं, तेव्हा नुसतं द्राक्षाचं नाव पाहून फसू नका.

इटलीत चांगली फियानो वा ग्रेको साधारण बारा ते वीस युरोंत आणि ताउरासी पंचवीस ते पंचेचाळीस युरोंत येते. एवढ्याच मुरणाऱ्या उत्तर इटलीतल्या वाइनशी तुलना केली तर हे स्वस्त आहे. भारतात आयात शुल्क आणि राज्यांचे कर चढून किंमत कितीतरी वाढते आणि निवडही तुटपुंजी. मुंबई-पुण्यात एखादी मास्त्रोबेरार्दिनो किंवा फेउदी दिसली तर आधी बाटलीवरचं साल आणि दुकानातला एसी दोन्ही बघा. उन्हात उभ्या ठेवलेल्या ताउरासीला वाचवणारं काही नाही. लंडन, न्यू जर्सी, मेलबर्नकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सगळं सोपं आहे. तिथल्या इटालियन वस्तीतल्या दुकानांत विचारा.

घरी वाइनचा फ्रिज नसेल तर आपल्या हवेत ताउरासी स्वतः मुरवण्याचा बेत सोडून द्या. मुरलेलीच विकत घ्या आणि महिन्याभरात उघडा.

पायरी ८: किती गार, किती वेळ आधी

फियानो आणि ग्रेको १० ते १२ अंशांवर. घरातला फ्रिज याहून बराच गार असतो, म्हणून वीस मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार प्यायलात तर जुन्या फियानोतला वास मुकाच राहतो. ताउरासी १७-१८ अंशांवर. पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं असतं, ते युरोपातल्या गार खोलीचं तापमान. मे महिन्यात पुण्यातल्या खोलीत लाल वाइन ठेवली तर नुसतं अल्कोहोल नाकात जाईल. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

दहा वर्षांच्या आतली ताउरासी पिण्याआधी दोन-तीन तास रुंद भांड्यात ओतून ठेवा. जुनी असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि वाढायच्या थोडं आधी सावकाश ओता.

पायरी ९: जेवण

इर्पिनियाच्या लोकांचं जेवण डोंगरातलं: मेंढीचं मांस, डुकराचं मांस, कार्माशानो भागातलं मेंढीच्या दुधाचं चीज, पोदोलिका गायींच्या दुधाचं काचोकावाल्लो, मोन्तेल्लाचे चेस्टनट, बान्योलीचा काळा ट्रफल. ताउरासीला जुनं, कडक चीज फार शोभतं, कारण चरबी आणि प्रथिनं टॅनिनला आवरतात.

आपल्या स्वयंपाकघरात यातलं काय लागू पडतं? फियानोबरोबर तळलेलं पापलेट, वालाचं बिरडं, नारळाच्या रसातली पातळ भाजी चालते. वाइनचा आंबटपणा नारळाच्या स्निग्धपणाला कापतो. ग्रेको तळणाची मैत्रीण. कुरकुरीत बोंबील किंवा कोथिंबीरवडी घेऊन बघा. ताउरासीबरोबर तांबडा रस्सा मात्र नको. टॅनिन आणि तिखट एकत्र आले की दोन्ही वाढतात, तोंडात फक्त आग उरते आणि महागड्या बाटलीचं मातेरं होतं. मंद आचेवर शिजवलेलं, मिरी-खड्या मसाल्याचं, बेताच्या तिखटाचं मटण असेल तर वेगळी गोष्ट. शाकाहारी घरात भाजलेल्या वांग्याचं भरीत, पण मिरची हात राखून. किंवा लोण्यात परतलेलं मशरूम. गोडाबरोबर यांतली कोणतीच वाइन देऊ नका. श्रीखंडापुढे फियानो निव्वळ लिंबूपाणी लागेल.

पायरी १०: प्रत्यक्ष जायचं झालं तर

नेपल्सच्या विमानतळावरून ए-१६ महामार्गानं अवेल्लिनो साधारण पन्नास-साठ किलोमीटर. नेपल्सहून अवेल्लिनोला बस आहेत, पण त्यापुढे गावांत फिरायला गाडी लागतेच. नकाशावर दहा किलोमीटर दिसणारा रस्ता दरीत उतरून पुन्हा चढतो, त्यामुळे दिवसाला दोन वायनऱ्या, फार तर तीन. इटलीत वाहनचालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. चालवणाऱ्यानं चाखून थुंकावं. प्रत्येक वायनरीत त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि कुणालाही त्यात अपमान वाटत नाही.

आधी ईमेल करून वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका. बहुतेक वायनऱ्या घरच्या माणसांनी चालवलेल्या आहेत. दार उघडायला येणारा माणूस सकाळी बागेत असतो. ऑगस्टच्या मध्यावर अख्खा देश सुट्टीवर असतो. तोडणीच्या दिवसांत बघायला मजा येते, पण तुमच्याशी बोलायला कुणाला फुरसत नसते. मे-जून उत्तम. एका दिवशी तुफो आणि मोन्तेफ्रेदाने, दुसऱ्या दिवशी लापिओ, ताउरासी आणि मोन्तेमारानो असा बेत केलात तर वर सांगितलेला क्रम आपोआप पाळला जातो.

अवेल्लिनो ते रोक्केत्ता सांत'आंतोनियो हा रेल्वेमार्ग १८९५ साली पुरा झाला. फिलॉक्सेरा किडीनं बाकी युरोपातल्या बागा खाल्ल्या तेव्हा इथल्या वाइनला मागणी आली, आणि ती या मार्गानं बाहेर गेली. २०१०मध्ये तो बंद पडला. आता ठरावीक दिवशी पर्यटकांसाठी जुने डबे धावतात, तेव्हा तारखा आधी बघून मग विमानाचं तिकीट काढा.

परतताना भारतात विनाशुल्क मद्य आणण्याची मर्यादा माणशी दोन लिटर. म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या. त्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा. फियानोची नवी बाटली आणू नका, ती बाहेर कुठेही मिळेल. वायनरीत जुन्या सालाची शिल्लक आहे का असं विचारा. लहान उत्पादक बऱ्याचदा कोपऱ्यातून पाच-सात वर्षांपूर्वीची फियानो काढून देतात, आणि किंमतही नव्या बाटलीपेक्षा फार वेगळी नसते.